चोवीस खणांचा टॅब

टॅब घरात आला तेव्हा सरुबाईला पहिल्यांदा एवढंच वाटलं, की झालं, आता हेही एक रोज चार्जिंगला लावायचं. खोलीत आधीच प्लग पुरत नव्हते. एकावर नागोरावांच्या गादीत हवा भरणारा पंप, दुसऱ्यावर टेबलपंखा, आणि स्वयंपाकघरात जो एक होता त्यावर मिक्सर. बीपीचं मशीन तेवढं सेलवर चालायचं, ही त्याची कृपा. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तसा हा टॅब त्या रविवारी रोशनीच्या पिशवीतून निघाला.

रोशनी ही सरुबाईची एकुलती एक लेक. सासर शहराच्या दुसऱ्या टोकाला, मियापूरला, नोकरी कंपनीत, त्यामुळे नारायणगुड्याला आईबापाच्या भाड्याच्या पोर्शनमध्ये यायचं ते रविवारीच. आली की वाऱ्यासारखी कामाला लागायची. फ्रिज पुसायची, फळीवरचे डबे लावायची, गोळ्या वारांप्रमाणे भरून ठेवायची आणि संध्याकाळी मेट्रोनं परत. बाकीचे सहा दिवस फोनवरून हे कर, ते कर. उंटावरून शेळ्या हाकणं नुसतं! पण पोरीला तरी काय म्हणणार? तिचंही घर होतं, तिचीही माणसं होती.

सात महिन्यांपूर्वी नागोरावांना झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही एकाच सकाळी गेली. तोंडातून आता फक्त ‘ब-ब’ निघायचं. पाणी हवं तरी ब-ब, डास चावला तरी ब-ब. सरुबाईनं दिवसभर अंदाज बांधायचे आणि अंदाज चुकला की त्यांनी डाव्या हाताला सापडेल ते भिरकावायचं. पहिले दोन महिने देगलूरचे, नांदेडचे नातेवाईक सफरचंदं घेऊन आले, उशाशी बसून हळहळले. मग येणं थांबलं. रोज मरे त्याला कोण रडे?

आणि बोलणं गेलं ते कुणाचं? नागोरावांचं! नामपल्लीला रेल्वेच्या टपालात चौतीस वर्षं सॉर्टर होते. समोर लाकडी खणांचं उंच कपाट, एकेका गावाला एकेक खण, आणि हे उभे राहून पत्रं टाकणार, तोंडानं अखंड गप्पा. दख्खनीत शेजारच्या टेबलाशी, तेलुगूत हमालाशी आणि डबा घेऊन सरुबाई आली की तिच्याशी मराठीत. घरी आले तरी तोंड मिटत नसे. “जरा उगं बसा की हो,” असं ती किती वेळा म्हणाली असेल, त्याची गणतीच नाही. आता ते उगं बसले होते, आणि ती शांतता तिला सोसवत नव्हती.

टॅब सुचवला तो बोलणं शिकवायला येणाऱ्या मॅडमनी. बाई तेलुगू, सरुबाईशी हिंदीत बोलायच्या. टॅबवर चोवीस खण, प्रत्येकात एक चित्र. पाण्याच्या चित्रावर बोट ठेवलं की टॅब बोलणार. “अम्मा, चार दिन देखो,” मॅडम म्हणाल्या होत्या. “समज असेल तर चित्र बघून बोट ठेवतील. नाही ठेवलं, तो समझो, अंदर समज कमीच है.”

खरी गोम इथंच होती. कोंपल्लीकडे आजारी म्हाताऱ्यांना सांभाळायचं एक ठिकाण रोशनीनं बघून ठेवलं होतं. नर्सा असतात, डॉक्टर येतात, दवाखान्यासारखंच. “बाबांना काही कळतच नसेल तर त्यांना घर काय नि ते काय, सारखंच ना, आई? तू तरी जगशील,” असं रोशनी फोनवर म्हणायची. सरुबाईचे हात कायम ओले किंवा भरलेले, त्यामुळे फोन स्पीकरवर, नागोरावांच्या उशाशी. एकदा तिनं तिथंच उभं राहून म्हटलं होतं, “कर बाई काहीतरी. हे गेले तर मी सुटेन, नाहीतर मी गेले तर हे सुटतील.” बोलून गेली. चादर बदलत होती, तिसऱ्यांदा.

म्हणून टॅब येणार म्हटल्यापासून तिच्या डोक्यात एकच घोळत होतं. त्यांना समज आहे असं निघालं तर बरं, की नाही असं निघालं तर बरं? नाही निघालं तर ती मोकळी होणार होती. असा विचार मनात येतो म्हणून ती स्वतःलाच चार शिव्या घालायची आणि पुन्हा तोच विचार करायची. दमलेल्या माणसाला चांगलं राहणं जड जातं.

त्या रविवारी मात्र गंमतच झाली. रोशनीनं पलंगावर बसून टॅब बापाच्या मांडीवर ठेवला. डाव्या हाताचं बोट धरून एकेका खणावर फिरवलं. टॅबमधून एक बाई बोलली, “मला पाणी हवे आहे.”

“अगं बाई, ही कोण भटीण घरात शिरली?” सरुबाई दारातून म्हणाली. “तुझे बाबा जन्मात असं बोलले का कधी?”

“आई, दुसरा आवाज नाही त्यात. ॲडजस्ट कर ना.” रोशनी हसत होती. “आणि हे बघ, स्मार्ट आहे हे. जे जास्त वापरतील ते आपोआप पुढं येतं. शिकतं ते बाबांकडून!”

नागोरावांनी टॅबकडे बघितलं, रोशनीकडे बघितलं आणि वरच्या ओळीतल्या दुसऱ्या खणावर आपलं आपण बोट ठेवलं. मला पाणी हवे आहे. रोशनी ओरडलीच. तिनं फोटो काढला, आईला पाठवला, सगळ्या मावश्यांना पाठवला. सरुबाईनं पाणी आणलं. ते घटाघटा प्याले. तिनं पदर डोळ्याला लावला आणि मग लगेच कुकर बघायला गेली.

सोमवारी दुपारी बाहेर बेचाळीस डिग्री ऊन. नागोरावांनी वरच्या ओळीतल्या दुसऱ्या खणावर बोट ठेवलं. टॅब म्हणाला, “मला थंडी वाजत आहे.” सरुबाईनं पंखा बंद केला, अंगावर चादर घातली. ताप आला असेल म्हणून कपाळाला हात लावून बघितला. नागोराव घामाघूम झाले. चांगल्या पायानं त्यांनी चादर लाथाडली आणि पुन्हा तिथंच बोट. मला थंडी वाजत आहे.

“मग चादर का काढता हो?” ती वैतागून म्हणाली. “माझी परीक्षा बघता काय?”

मंगळवारी तर कहर झाला. टॅब म्हणाला, “मला संडासला जायचे आहे.” सत्तर किलोचा माणूस. काखेत हात घालून उठवा, खुर्चीवर बसवा, ढकलत न्या. नेलं. काही नाही. परत आणलं, निजवलं, तेवढ्यात पुन्हा तेच. पुन्हा नेलं. तिसऱ्या वेळी तिच्या कमरेत अशी उसण भरली की ती चौकटीला धरून तशीच उभी राहिली. नागोराव ब-ब करत डाव्या हातानं टॅबवर चापट्या मारत होते आणि टॅबमधली ती बाई शांतपणे सांगत होती, मला भूक लागली आहे, मला कंटाळा आला आहे, मला संडासला जायचे आहे.

“बया, गप की!” सरुबाई टॅबवर ओरडली. मग टॅब उचलून कपाटावर ठेवला. नवऱ्याचं एक बोलणं कळत नव्हतं, आता दोघांचं कळेना. आगीतून फुफाट्यात.

गुरुवारी मॅडम आल्या. टॅब खाली निघाला. पाणी दाखवा म्हटलं तर नागोरावांनी चपलेवर बोट ठेवलं. चहा दाखवा म्हटलं तर पंख्यावर. बोट ठेवताना ते टॅबकडे बघतही नव्हते, मॅडमच्या तोंडाकडे बघत होते. मॅडमनी चारपाचदा करून बघितलं आणि वहीत काहीतरी लिहिलं.

“अम्मा, देखते भी नहीं,” त्या हळूच म्हणाल्या. “रोशनीला मी सांगते.”

संध्याकाळी रोशनीचा फोन. आवाज बसलेला. “आई, मग सोमवारी फॉर्म भरते. बेड महिनाअखेरपर्यंतच ठेवणार आहेत ते.”

“हं,” सरुबाई म्हणाली. फोन उशाशी, स्पीकरवर. नागोराव भिंतीकडे तोंड करून निजले होते. तिला वाटलं होतं, सुटल्यासारखं वाटेल. तसं काही वाटलं नाही. मेणबत्ती लावून तिनं रोजच्यासारखी वंदना म्हटली आणि भाकरी थापायला बसली.

शनिवारी दुपारी ती वरण फोडणीला टाकत होती. तेल तापलं, मोहरी तडतडली, डोकं भलतीकडेच होतं. हात वर फळीवर गेला, डबा उघडला, चमचा भरून वरणात टाकला आणि मग तिला वास आला. हळद नव्हे, चहापत्ती! काळं वरण तिच्याकडे बघत उकळत होतं.

“ही रोशनी पण ना!” ती कडाडली. रविवारी पोरीनं फळी पुसून डबे उंचीप्रमाणे लावले होते. आठवडाभर सरुबाई बघून बघून डबे काढत होती. आज बघितलं नाही तर हात आपला जुन्या जागी गेला. तीस वर्षं हळद तिथंच होती. डोळ्यांना कोण विचारतो, हाताला जागा ठाऊक असते.

तिनं गॅस बंद केला. पातेलं उतरवलं नाही, तशीच उभी राहिली. मग मोठ्यानं म्हणाली, “अरे देवा.”

तिला नामपल्लीचं ते कपाट आठवलं. एकदा साहेबानं रंग देण्यासाठी सगळे खण रिकामे केले होते आणि रंगारी गावांच्या पाट्या उलटसुलट ठोकून गेला होता. पाट्या स्पष्ट दिसत होत्या, अक्षरं हातभर मोठी. तरी दोन दिवस नागोरावांची पत्रं भलत्याच गावाला गेली. साहेबानं विचारलं, डोळे फुटले का? तर नागोराव म्हणाले होते, डोळे शाबूत आहेत साहेब, पण पत्रं मी डोळ्यांनी टाकत नाही.

सरुबाई ओल्या हातानंच खोलीत गेली. फोनमध्ये रोशनीनं पाठवलेला रविवारचा फोटो काढला. नागोरावांचं बोट, वरची ओळ, दुसरा खण, पाणी. मग टॅब उघडला. वरची ओळ, दुसरा खण, तिथं आता चप्पल. पाणी तिसऱ्या ओळीत जाऊन बसलं होतं. टॅब त्यांच्याकडून शिकत होता म्हणे! तो रोज पाट्या बदलत होता. आणि हे बिचारे सोमवारपासून एकाच जागी पाणी मागत होते. तिनं त्यांना उन्हाळ्यात चादर घातली होती. तीनदा संडासला नेलं होतं.

तिनं रोशनीला फोन लावला. “ते आपोआप शिकणं बंद कसं करायचं, सांग.”

“आई, आता कशाला? मॅडम म्हणाल्या ना…”

“मॅडम गेल्या चुलीत. तू सांग.”

अर्धा तास गेला. दातेरी चाकावर दाब, खाली सरकव, आणखी खाली, ते निळं झालं का? नाही गं, हे सगळंच गेलं! परत ये, परत ये. दोनदा मायलेकींचं भांडण झालं. शेवटी खण पहिल्यासारखे लागले आणि रोशनी म्हणाली, आता हलायचे नाहीत. तिच्या आवाजात तिचा तिलाच विश्वास नव्हता. सरुबाईनं फोन ठेवला.

मग तिनं टॅब मांडीवर ठेवला नाही. पलंगापाशी स्टूल ओढलं, त्यावर पाण्याची कळशी, आणि कळशीला टेकवून टॅब उभा केला, नागोरावांच्या छातीसमोर. त्यांच्या पाठीशी दोन उशा लावल्या. त्यांचं बोट धरलं.

“हे बघा. रंगारी येऊन गेला होता. आता पाट्या नीट लावल्यात. पहिली ओळ. हो, पाणी, चहा, नाही.” एकेक खण ती मोठ्यानं म्हणत गेली. चोवीस झाले. दुसरी फेरी सुरू केली. निम्म्यात नागोरावांनी आपला हात सोडवून घेतला.

टॅबकडे न बघता, तिच्याकडे बघत, त्यांनी बोट टाकलं. मला पाणी हवे आहे.

तिनं पाणी दिलं. ते दोन घोट प्याले. पुन्हा बोट. मला चहा हवा आहे. तिनं चहा केला, बशीत ओतून पाजला. सहा दिवस राहिलेली सगळी मागणी असेल असं वाटून ती पुढं सरसावून बसली. पंखा हवा होता, तो मोठा केला. सगळं बरोबर. एकही चूक नाही. हा माणूस आत होता. सात महिने आत बसून होता.

तेवढ्यात टॅब म्हणाला, “मला दवाखान्यात जायचे आहे.”

“काय होतंय?” ती धडपडून उठली. “छातीत दुखतंय का?”

नागोरावांचं बोट गेलं. “नाही.”

“मग? डोकं?”

“नाही.” आणि पुन्हा, “मला दवाखान्यात जायचे आहे.” मग शेवटच्या ओळीत, जिथं रोशनीनं सरुबाईचा फोटो लावला होता, तिथं बोट. “सरुबाई.” मग त्याच्या वरचा खण. “झोप.” पुन्हा सगळं पहिल्यापासून. दवाखाना. सरुबाई. झोप.

सरुबाईला कळायला वेळ लागला. कळलं तशी ती पलंगाच्या कडेला बसली.

“रोशनी फोनवर सांगते ते?” तिनं विचारलं. “कोंपल्लीचं?”

“हो.”

“मी बोलले होते ते पण ऐकलंत? हे गेले तर मी सुटेन म्हणाले होते ते?”

बोट जरा वेळ हवेत राहिलं. मग, “हो.”

तिनं तोंडाला पदर लावला. भिंतीला बोलावं तसं ती ह्यांच्यासमोर बोलली होती. शेजारणीशी, बहिणीशी, लेकीशी. ह्यांच्या मुताच्या, ह्यांच्या वजनाच्या, ह्यांच्या मरणाच्या गोष्टी. आणि हे भिंतीकडे तोंड करून सगळं ऐकत होते. सात महिन्यांनी एक वाक्य बोलायला मिळालं, तर हे बोलले. तिच्या मनात जे होतं तेच त्यांनी तिच्या हातात ठेवलं होतं, घे म्हणून. आणि खोटं कशाला बोला, एक क्षण तिला ते घ्यावंसंही वाटलं. एक रात्र सलग झोपावं, एवढंच तिच्या डोळ्यांसमोर आलं. मग तिला रडू फुटलं, आणि रडता रडता भयंकर रागही आला.

“सात महिने ब-ब केलंत आणि आता तोंड उघडलं तर हे?” ती म्हणाली. “कुठं जायचं नाही. कळलं?”

“मला दवाखान्यात जायचे आहे.”

“नाही म्हणते ना मी!”

“मला दवाखान्यात जायचे आहे.” टॅबमधल्या बाईचा आवाज तसाच शांत, पण नागोरावांची हनुवटी पुढं आली होती. ती हनुवटी सरुबाईला चांगली माहीत होती. लग्नाला अडतीस वर्षं झाली, ती पुढं आली की हा माणूस कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही.

“हट्टी ते हट्टीच! कोण करणार तिथं तुमचं? तुम्हाला भाकरी लागते, तिथं इडली देतील सकाळ-संध्याकाळ. खाल?”

“हो.”

“थापा मारू नका. आणि ब-ब केलं तर कुणाला कळणार?”

त्यांनी डाव्या हाताची पाठ टॅबच्या कडेवर दोनदा आपटली. हा आहे की, असं. मग बोट पुन्हा तिच्या फोटोवर. “सरुबाई. झोप.”

तिचं भांडायचं बळ सरलं. गेले सात महिने लोक तिला विचारत होते, नागोराव कसे आहेत? ती सांगायची, आहेत तसेच. तिचं कसं चाललंय ते कुणी विचारलंच नव्हतं.

“दमले हो मी,” ती म्हणाली. “खरंच दमले. कमरेत वाकता येत नाही. तुमचा राग राग येतो. वाटतं, कुठंतरी निघून जावं.” हे सगळं ती पहिल्यांदा त्यांना सांगत होती, त्यांच्यासमोर नव्हे.

नागोरावांनी तिच्यावरची नजर काढली नाही. बोट वरच्या ओळीत, पहिल्या खणात गेलं.

“हो,” टॅब म्हणाला.

फोन वाजला. रोशनी. सरुबाईनं स्पीकर लावला आणि फोन नेहमीसारखा उशाशी न ठेवता दोघांच्या मधे, चादरीवर ठेवला.

“आई, काय झालं? हललं का पुन्हा ते? मी सोमवारचा फॉर्म आत्ताच भरून ठेवू का, परत सुट्टी मिळणार नाही मला.”

“थांब जरा,” सरुबाई नाक पुसत म्हणाली. “काही भरू नको. तुझ्या बाबांचं नि माझं अजून बोलणं चाललंय.”